एक नंबर ढकलत जाणार नाही

दुपारी दीड आणि पावणेदोन यांच्यामध्ये कुठेतरी त्रिशला मगदूमचा डोळा लागतो. नेमकी वेळ तिला सांगता येणार नाही, आणि वेळ नेमकी सांगता न येणं तिला मुळीच आवडत नाही. शेवटचं बघितलं तेव्हा घड्याळात एक बत्तीस झाले होते, एवढं खरं. शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं आणि बाहेरून उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या ओढत धडधडत चालले होते. ती शोरूमच्या थंड फरशीवर बसली आहे, पाठ भिंतीला, पाय लांब पसरलेले. शेजारी एक लाल मोटारसायकल उभी आहे, आणि सबंध शोरूममध्ये दुसरं काहीच नाही.

जयसिंगपूरच्या मगदूम ऑटोचा आज शेवटचा दिवस आहे. सेहेचाळीस वर्षं दुकान चाललं. कंपनीला आता बायपासवर पाच हजार फुटांचं, काचेच्या भिंतींचं शोरूम हवं आहे. त्रिशलाचं वय चोपन्न, मागे सांभाळणारं कोणी नाही. तिने कागद दोनदा वाचला आणि सही केली. नव्या गाड्या गेल्या आठवड्यात परत गेल्या. राहिली ती ही लाल. दुकान उघडलं त्या दिवशीच्या पहिल्या खेपेतली ही दोन-स्ट्रोकची गाडी अण्णांनी, म्हणजे त्रिशलाच्या वडिलांनी, विकलीच नाही. दुकानात तिला सगळे 'एक नंबर' म्हणतात. ती आता सांगलीच्या तंत्रनिकेतनात जाणार आहे, मुलांना खोलून-जोडून शिकायला. चार वाजता टेम्पो येईल.

अडचण एवढीच, की ती चालू होत नाही.

दुसऱ्या कुठल्या दुकानात ही अडचण ठरली नसती. पण पायगोंडाअण्णा मगदूमांचा एक नियम होता. या दारातून गाडी ढकलत बाहेर जायची नाही. आत येताना माणसं खुशाल ढकलत आणोत, बैलगाडीत घालून आणोत. जाताना गाडी आपल्या इंजिनावर जाईल. एकदा वरात दारात दोन तास खोळंबली, बँडवाले पायरीवर बसून चहा प्याले, पण नवरदेवाची गाडी अण्णांनी ढकलू दिली नाही. सेहेचाळीस वर्षांत सोळा हजारांवर गाड्या या उंबऱ्यावरून गेल्या आणि त्यातली एकही ढकलत गेली नाही. शेवटची तेवढी ढकलत जावी, हे त्रिशलाला सहन होत नाही. दुकान बंद होण्याचं तिने मनाशी जुळवून घेतलं आहे. याचं जुळत नाही.

गेले अकरा दिवस ती आणि दस्तगीर मिस्त्री या गाडीच्या मागे लागले आहेत. त्रिशला एम.एस्सी. झालेली, फिजिक्सची, दुकानात येण्याआधी कोल्हापुरात कॉलेजवर शिकवायची. तिने एका वहीत रकाने पाडले आणि एकेक शंका निकालात काढली.

"ठिणगी बघा, निळीशार आहे," दस्तगीर जेवायला घरी जाताना म्हणाला होता. "पेट्रोल येतंय. दाब चांगलाय. सगळं बरोबर आहे मॅडम, आणि गाडी चालू होत नाही. तीस वर्षांत असली हट्टी गाडी बघितली नाही मी. चारला आपण चौघं मिळून ढकलू की. कोण बघायला बसलंय?"

"मी बसलेय," त्रिशला म्हणाली, आणि खरंच खाली बसली.

आता ट्रॅक्टरचा आवाज लांब जातो. लांब जाता जाता बारीक होतो, बारीक होता होता कुणीतरी लोखंडी खण उघडत-मिटत असल्यासारखा होतो. त्रिशला मान वळवते. शोरूमच्या टोकाला सुट्या भागांचा काउंटर आहे. काल तिथली कपाटं भंगारवाल्याने नेली. आत्ता ती जागच्या जागी उभी आहेत, आणि पूर्वीपेक्षा उंच. खणांवर खण, खणांवर खण, वर छत असायला हवं तिथेही खणच.

काउंटरच्या खिडकीत दिवा लागलेला आहे.

"काय पाहिजे?" आतून आवाज येतो. "कागद आणलाय काय? कागदाशिवाय पार्ट मिळायचा न्हाई."

"आत्या, मी त्रिशला."

"ते दिसतंय की मला. कागद आणलाय काय म्हटलं."

चंदाआत्या. अण्णांची धाकटी बहीण. तिच्या बाविसाव्या वर्षी नवरा गेला, माहेरी परत आली, आणि दुकान उघडलं त्या दिवशी सुट्या भागांच्या काउंटरला जी बसली ती सदतीस वर्षं उठली नाही. गावाची ती चंदाक्का. कुठलाही वॉशर डोळे मिटून हातात घेऊन कुठल्या गाडीचा ते सांगायची. आत्या नऊ वर्षांपूर्वी गेली, हे त्रिशलाला माहीत आहे. पण ते माहीत असणं आत्ता कोपऱ्यात उभ्या केलेल्या छत्रीसारखं आहे. आहे तिथे आहे, उघडायचं कारण नाही.

ती वही पुढे करते. आत्या दोरीला बांधलेला चष्मा डोळ्यांवर चढवते आणि बोट फिरवत वाचते.

"चारशे बारा. हे काय?"

"किका. मी मारलेल्या. दस्तगीरच्या वेगळ्या लिहिल्यात."

"मोजल्यास?"

"मोजल्या."

"माझ्या भावाला वाटायचं, पोरगी शास्त्रज्ञ होणार. झालीस बघ. किकांची." आत्या पान उलटते. "पेट्रोल एवढं, तेल एवढं. हे काय, मापाच्या नळीतनं मोजून घातलंस?"

"दोन-स्ट्रोकला मिश्रण नेमकं लागतं, आत्या."

"अगं, आम्ही झाकणानं घालत होतो. अन् पळत होती." ती चष्म्यावरून बघते, आणि तिच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू उमटतं. हे हसू तिला ओळखीचं आहे. हवा तो पार्ट खणात असताना गिऱ्हाइकाला थोडं तंगवायचं असलं की आत्या असंच हसायची.

"आत्या! तुला माहितीये काय झालंय ते!"

"माहिती हाय."

"सांग मग!"

"सांगते की. पण आधी मला एक चक्कर मारून आण."

"कशावर?"

"कशावर म्हणजे? हिच्यावर."

जे गावाला माहीत नाही, दस्तगीरलाही माहीत नाही, ते आत्यापुढे लपवायचा प्रयत्न ती करत नाही. ती वीस वर्षं मोटारसायकली विकते आहे. गिअरबॉक्समधला प्रत्येक दाता तिला माहीत आहे. आणि ती स्वतः बिनगिअरच्या स्कूटरवरून दुकानात येते.

"मला गिअरची येत नाही," ती म्हणते.

"काय?"

"शिकायचं राहिलं."

आत्या हात काउंटरवर आपटून हसते. वरच्या खणांमधले नट-बोल्ट खणखणायला लागतात, जसं काही तेही हसतायत. "वीस वर्षं! अगं, जयसिंगपुरातली निम्मी गाडी तुझ्या हातनं गेली असंल, अन् तुला येत न्हाई? ऊठ. ऊठ म्हणते ना!"

ती काउंटरची फळी वर करते. फळीच्या पलीकडे कोठार नाही, मार्केट यार्ड आहे. पहाटेचं. तंबाखूच्या पोत्यांचा कोरडा, नाकात चढणारा वास, गार माती, आणि मधोमध एक नंबर उभी, टणटणटण वाजत.

"ही चालू कशी?"

"हितं कोण अडवतंय तिला? बस."

त्रिशला बसते. आत्या पदर कमरेला खोचून मागे बसते, पुरुषासारखी, दोन्हीकडे पाय टाकून, आणि इतक्या सहज की त्रिशला मागे वळून बघतच राहते.

"पुढं बघ. डाव्या हातातला दांडा दाब."

"क्लच."

"नाव ठाऊक हाय तर. हातात धरलायस कधी? दाब. आता डाव्या पायानं गिअर खाली. हां. आता दांडा सोडायचा, पण हळू. पोळी तव्यावर टाकताना कशी अलगद—"

"मला पोळ्या नीट येत नाहीत, आत्या."

"मग तुला येतंय तरी काय, बाई?"

"मायक्रोमीटर येतो. तारेची जाडी मोजायचा. त्याचा स्क्रू शेवटी शेवटी अगदी केसभर फिरवावा लागतो."

"मग तसा सोड. केसभर."

त्रिशला केसभर सोडते. अजून केसभर. आणि बरोबर एका जागी, डाव्या हाताच्या चार बोटांत, तिला ते कळतं. दोन तबकड्या एकमेकींना टेकल्या. वीस वर्षं ती हे गिऱ्हाइकांना चित्र काढून समजावत आली आहे. ते असं लागतं हे तिला माहीत नव्हतं. गाडी पुढे सरकते. त्रिशलाच्या तोंडून किंकाळी निघते, भीतीची नाही.

"वरड! वरड!" मागून आत्या ओरडते. "मीबी वरडले होते!"

यार्डाचं फाटक येतं आणि जातं. जयसिंगपूरच्या गल्ल्या फूटपट्टीने आखल्यासारख्या सरळ, एकीला एक समांतर, आणि त्यांना नावांऐवजी नंबर. पाचवी गेली, सहावी गेली, अकरावी. चौदावीनंतर शेतं लागायला हवीत. पंधरावी लागते. सोळावी. त्रिशलाला त्याचं नवल वाटत नाही. मालिका वाढते आहे, वाढू दे. बाविसाव्या गल्लीत तिच्या कॉलेजची प्रयोगशाळा रस्त्यावरच मांडलेली आहे. सोडियमचे पिवळे दिवे, लांब टेबलं, मुलं पाय आखडून तिला वाट देतात.

"मॅडम, रीडिंग बघता?"

"नंतर!" ती ओरडते. आयुष्यात पहिल्यांदाच ती विद्यार्थ्याला नंतर म्हणते आहे.

"दुसरा टाक!" आत्या खांद्यावर थाप मारते. "पायाचा पुढचा भाग खालनं वर!"

दुसरा पडतो. रस्ता मऊ होतो, आणि मग तो रस्ता नसून कृष्णा नदी आहे, उदगावच्या पुढची, उन्हात चपटी पसरलेली. चाकं पाण्यावरून चालली आहेत आणि ओली होत नाहीत. आत्याचा आवाज तिच्या कानापाशी आहे.

"मी हिच्यावरच शिकले. दुकान उघडलं त्या साली. अण्णानंच शिकवलं, पहाटे, यार्डात. अन् शपथ घातली, कुणाला सांगायचं न्हाई. बाईमाणूस, त्यात विधवा. लोक काय म्हणतील. सकाळी सातला हिच्यावरनं उतरायचं, डोक्यावर पदर घ्यायचा अन् काउंटरला बसायचं. दिवसभर वॉशर मोजायचं. हात थरथरत असायचे माझे, त्रिशे. आनंदानं."

"मला कधी कळलं नाही."

"कळू दिलं तर ना." आत्या तिच्या खांद्याला धरून नीट बसते. "मग तू कोल्हापुरात होतीस तेव्हा तुझ्या अण्णानं हिला विकायला काढली."

"अण्णांनी? अण्णा तर म्हणायचे, ही विकायची नाही—"

"ते मागनं म्हणायला लागला. आधी विकली होती. सांगलीचा एक हळदीचा व्यापारी. नातवाला जुन्या गाडीची हौस. बोलणं झालं, पेढे आले, दुसऱ्या दिवशी न्यायला येणार. अण्णा विसरला होता गं. माझी गाडी हाय हे विसरला. मी आठवण करून दिली न्हाई. तोंडानं कशाला सांगायचं? संध्याकाळी काउंटर बंद केला, पाना घेतला, अन् बसले हिच्यापुढं."

"काय केलंस?" त्रिशला मागे वळते. गाडी पाण्यावर वेडीवाकडी होते.

"पुढं बघ म्हणते ना! दुसऱ्या दिवशी अण्णा किक मारतोय, तेव्हाचा मिस्त्री मारतोय, व्यापारी मारतोय, नातू मारतोय. गाडी ढिम्म. व्यापारी म्हणाला, आम्ही ढकलत नेतो. अण्णा म्हणाला, माझ्या दारातनं गाडी ढकलत जात न्हाई." आत्याला हसू आवरत नाही; तिच्या हसण्याने अख्खी गाडी हलते. "त्याचाच नियम! मी काउंटरला बसून बघतेय, अन् त्याच्या नियमानं त्यालाच बांधून घातलाय. तीन दिवस आले बिचारे. चौथ्या दिवशी नवी गाडी घेऊन गेले."

"आणि पेढे?"

"मी खाल्ले."

त्रिशला इतकी हसते की तिच्या डोळ्यांतून पाणी येतं आणि वाऱ्याने कानांकडे जातं. अकरा दिवस! अकरा दिवस ती निसर्गाच्या नियमाशी झगडते आहे असं तिला वाटत होतं, आणि समोर आत्या होती.

"आत्या," हसू ओसरल्यावर ती म्हणते, "मी दुकान बंद करतेय. आजच."

"ठाव हाय."

"राग आला?"

"राग? अगं, सदतीस वर्षं मी वॉशर मोजले. तू किती वर्षं?"

"वीस."

"पुरे की मग." आत्या पुढे वाकते. "त्याचं काय न्हाई मला. हिचं बोल. हिला कुठं पाठवतीस?"

"आधी सांग तू काय केलंस. चारला टेम्पो येतोय."

"सांगितलं तर ती जाणार."

"नाही सांगितलंस तरी जाणार, आत्या. चौघं मिळून ढकलत नेतील."

पाणी थांबतं. म्हणजे गाडी थांबते, की नदीच वाहायची थांबते, हे कळत नाही. दोघी शोरूममध्ये आहेत. दुपार आहे. शटरखालून उन्हाची पट्टी आत आली आहे आणि ती पट्टी सोडली तर सगळं निळसर, खूप खोल पाण्यातून बघावं तसं. आत्या गाडीवरून उतरून समोर उभी आहे. आता ती हसत नाही.

"ढकलत?"

"दस्तगीर म्हणतो, कोण बघायला बसलंय."

"दस्तगीरला सांग, मी बसलीया."

"मीही तेच म्हटलं."

आत्या गाडीच्या लाल टाकीवर हात ठेवते. त्रिशलाला वाटतं, आता ही सांगणार नाही. पंचवीस वर्षं जिने ही गाडी एका शब्दानेही न बोलता अडवून धरली, ती आता मरून नऊ वर्षं झाल्यावर कशाला सोडेल? आणि त्रिशला तिच्याशी वाद घालू शकत नाही, कारण गाडी खरोखर तिचीच आहे. म्हणून ती वाद घालत नाही. जे आहे ते सांगते, वहीतून वाचावं तसं.

"सांगलीच्या तंत्रनिकेतनात जाणार आहे. वर्कशॉपमध्ये ठेवतील. ऑटोमोबाईलच्या वर्गात या वर्षी अठ्ठावन्न जण आहेत. त्यात एकवीस मुली."

"किती?"

"एकवीस."

"मुली? गाडीच्या वर्गात?"

"एकवीस मुली. हिला खोलतील आणि जोडतील. वर्षभर हेच करायचं असतं."

"कुणापासून लपवून?"

"नाही गं. त्याचे मार्क असतात."

आत्या तोंडावर पदर धरते. "अन् चालवतील? जोडल्यावर?"

"चालवून दाखवल्याशिवाय पास करत नाहीत. मैदानात फेरी मारावी लागते. भर दुपारी, सगळ्यांसमोर."

आत्याचा चेहरा असा उजळतो, की त्रिशलाला शोरूमचे सगळे दिवे लागल्यासारखं वाटतं.

"मग हे आधी सांगायचं न्हाई व्हय, बाई! मला गाडीवर फिरवत बसलीस! ये हिकडं. वाक. वाक लवकर. तुझ्या वहीत मला एक सांग. किक मारल्यावर मागं काय येतंय?"

"मागे?"

"सायलेन्सरला. धूर, वास, फुंकर. काय येतंय?"

पेट्रोल आत, तेल आत, हवा आत, ठिणगी आत. वहीतला प्रत्येक रकाना तिला डोळ्यांसमोर दिसतो. आत जाणाऱ्या प्रत्येक गोष्टीला रकाना आहे. बाहेर येणाऱ्या गोष्टीला एकही नाही. आठशे-नऊशे किका मारल्या दोघांनी, आणि मागे तळहात कुणी धरून बघितला नाही. तिच्या मानेवरचे केस उभे राहतात. पूर्वी कधीतरी, वर्गात एखाद्या मुलाला अचानक उत्तर दिसलं की तिला असं व्हायचं.

"कोंडलंय!" ती जवळजवळ ओरडते. "आतलं बाहेर जात नाही म्हणून नवीन आत पेटत नाही! पण दस्तगीरने सायलेन्सर बघितला होता. मागून तार घातली, हातभर आत गेली, स्वच्छ होता—"

"मागनं बघितलं. मी पुढनं घातलंय."

आत्या खाली बसते आणि इंजिनाला जिथे वाकडा पाईप जोडलेला असतो तिथली गोल रिंग बोटांनीच फिरवते. रिंग बरणीच्या झाकणासारखी सुटते. पाईप आज्ञाधारकपणे बाजूला होतो. आत काळोख आहे, एका बोटाच्या मापाचा.

"घाल बोट."

त्रिशला उजव्या हाताची तर्जनी आत घालते. पहिल्या पेरापर्यंत काही नाही. दुसऱ्या पेराशी काहीतरी लागतं. मऊ, ओलसर, दाबून बसवलेलं. कापड.

"लागलं?"

"लागलं! आत्या, लागलं!"

"मग ओढ की. मला काय विचारतीस? तुझ्या हातात हाय आता."

त्रिशला बोटाचा आकडा करते आणि ओढते. कापड येतं, येतच राहतं, आणि कुठेतरी मागे आत्याचं हसणं ट्रॉल्यांच्या धडधडीत मिसळत जातं. खणांचा आवाज, लोखंडाचा आवाज, रस्त्याचा आवाज—

दोन अठ्ठावन्न. घड्याळ समोर आहे. सुट्या भागांच्या काउंटरवर कपाटं नाहीत. भिंतीवर त्यांचे फिके चौकोन आहेत. त्रिशला फरशीवर बसली आहे, पाठ भिंतीला, आणि तिच्या उजव्या हाताची तर्जनी दुसऱ्या पेरापर्यंत काळी आहे.

ती बोट उजेडात धरते. काजळी, आणि त्यात तेल. एक शक्यता अशी, की झोपेत हात घसरून पाईपच्या जोडाला लागला. ती वाकून जोडावर डाव्या हाताचं बोट फिरवून बघते. बाहेर कोरडी धूळ आहे, करडी. उजव्या बोटावरचं काळं ओलं आहे. दुसरी शक्यता ती तूर्त मांडत नाही. वहीही उघडत नाही. उठताना तिचे गुडघे वाजतात आणि तिचं तिकडे लक्षही जात नाही.

"दस्तगीर!"

दस्तगीर शटरखालून वाकून आत येतच असतो, सुपारी चघळत. "काय झालं मॅडम? टेम्पोवाला लवकर आलाय. फळी लावून बसलाय बाहेर."

"आकड्याचा पाना दे. पुढची रिंग खोलायचीय."

"पुढची? सायलेन्सर बघितलाय की आपण—"

"मागून बघितलाय. दे!"

त्रिशला मगदूमने वीस वर्षांत कुणावर आवाज चढवलेला नाही. दस्तगीर पाना देतो. रिंग बोटांनी सुटत नाही. दोघांना जोर लावावा लागतो, मग ती किरकिरत फिरते. पाईप बाजूला होतो. दस्तगीर टॉर्च मारतो आणि चघळायचं थांबतो.

"या अल्ला," तो हळूच म्हणतो. "कुणी कोंबलं हे?"

चिमट्याने ओढल्यावर हातभर चिंधी निघते. कसल्या कापडाची होती हे आता ओळखू येत नाही. त्रिशला ती जमिनीवर ठेवते. दोघं मिळून पाईप परत बसवतात. तिचे हात थरथरत आहेत.

पहिली किक. मागून फुस्स करून वारा येतो, जुन्या तेलाचा वास घेऊन. दस्तगीर मागे तळहात धरून उकिडवा बसला आहे. "येतंय मॅडम! येतंय! मारा!"

दुसरी किक. खोकला.

तिसऱ्या किकेला एक नंबर पेटते. टण, टण, आणि मग सलग टणटणटणटण. रिकाम्या शोरूमच्या चारही भिंती तो आवाज एकमेकींकडे फेकतात आणि निळा धूर अक्षरशः ढगासारखा छताला जाऊन लागतो. दस्तगीर दोन्ही हात वर करून नाचतो आहे. शटर कुणीतरी पूर्ण वर ढकलतं. दारात शेजारचा केमिस्ट, रसवंतीवाला, टेम्पोवाला, सगळे खोकत आणि हसत उभे आहेत.

"उतरा मॅडम, मी बाहेर काढतो," दस्तगीर इंजिनावरून ओरडतो.

"मी काढते."

"तुम्हाला गिअरची येते?"

"शिकवलंय."

"कधी?"

"आत्ता."

डावा हात दाबलेला. डावा पाय खाली. कट्ट करून पहिला गिअर पडतो. मग केसभर, अजून केसभर, आणि चार बोटांत ती जागा सापडते, जिथे दोन तबकड्या टेकतात. अगदी तिथेच. गाडी पुढे सरकते. उंबऱ्याचा छोटा उतार येतो, पुढचं चाक उतरतं, मागचं उतरतं, आणि सोळा हजारांवर गाड्यांच्या मागून शेवटची गाडी आपल्या इंजिनावर मगदूम ऑटोच्या दाराबाहेर पडते. लोक टाळ्या वाजवतात. त्रिशला ओरडते. कसलं ओरडते ते तिलाही ठाऊक नाही.

टेम्पो डाव्या हाताला उभा आहे, फळी लावलेली. ती त्याच्या शेजारून जाते.

"ओ मॅडम! इकडं! इकडं चढवायचीय!" टेम्पोवाला मागे पळतो.

ब्रेक उजव्या पायाखाली आहे, हे त्रिशलाला माहीत आहे. पण धडा थांबण्यापर्यंत आलाच नव्हता. समोर सरळ आखलेली गल्ली पडली आहे, उन्हाने भरलेली, शेवटपर्यंत मोकळी. ती पायाचा पुढचा भाग गिअरच्या खाली घालते आणि दुसरा टाकते.